कोऱ्या गोल्फ स्टिक

डांबरगोळ्यांचा वास आला की बहारीनमधला तो मे महिना आठवतो. उकाड्यात खेळ बंद, म्हणून नवऱ्याच्या गोल्फ स्टिक पुसून, बॅगेत डांबरगोळ्या टाकून ठेवायला मी बाल्कनीत बसले होते. दर शुक्रवारी खेळून येणाऱ्याच्या स्टिकवर मातीचा कणही नव्हता आणि हातमोजा अजून पाकिटातच होता. दुसरी कोणी बाई असणार, असंच वाटलं. नवरा घरी येताच विचारलं, “खरं सांग, शुक्रवारी कुठे जातोस?” त्याने माझ्या हातातली स्टिक काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “सलमानिया हॉस्पिटलला. तुझा भाऊ डायलिसिसला येतो. तुला कळवू नको म्हणाला.” भावाशी माझा चार वर्षांचा अबोला होता. मी तशीच उठले. म्हटलं, “चल.” पुढचे सगळे शुक्रवार, भाऊ जाईपर्यंत, मी त्याच्याजवळ बसले. आज वाटतं, मला संशय आधीच यायला हवा होता.