हाताचा आडोसा

ह्यांना तपासणीसाठी आत नेलं होतं आणि मी इस्पितळाच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. दोघांकडे खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या. ऑपरेशनला जाण्याआधी वडिलांना आपल्या डायरीतलं सगळं तिच्या डायरीत पाठवायचं होतं. वायर लागत नाही म्हणे; दोन्ही समोरासमोर धरल्या की न दिसणाऱ्या किरणांनी मजकूर जातो. फक्त वरून ऊन पडलं की तो अडतो. म्हणून मुलीने दोन्ही डायऱ्या धरल्या होत्या आणि वडिलांनी खिडकीच्या बाजूने तळहात आडवा केला होता.

"नावं, नंबर येतायत, बाबा. वाढदिवस नाही येत. तुमच्यातलं सगळं माझ्यात उतरत नाहीये."

"पुन्हा बघ ना."

ह्यांना नेलं त्या दाराकडे मी पाहिलं. इतकी वर्षं संसार झाला, पण ह्यांच्यातलं माझ्यात काय उतरलंय? गप्प बसतात तेव्हा मनात काय चालतं, कोणाच्या आठवणीने मधेच हसतात, काही म्हणजे काही ठाऊक नाही. आम्हीही दोन कंपन्यांचेच की!

तेवढ्यात नर्सने वडिलांना हाक मारली. ते उठले, हात निघाला, आणि ऊन थेट डायऱ्यांवर आलं.

"बाबा, थोडंच राहिलंय!"

ते दाराशी थबकले. मग आत गेले.

मी पुढे सरकून माझा तळहात आडवा धरला. डायऱ्यांवर पुन्हा सावली पडली.