बाटलीतले सात जीव, परंड्याच्या वाटेवर

मालवणहून निघताना स्पिरिटच्या बाटलीत सात जीव मोजून घातले. अंग कोळंबीसारखे, डोळे देठांवर, पुढचे दोन पाय घडी घातलेले. सहा जणांच्या पायांना करवतीसारखे काटे होते. ही जात वाळूत बीळ करते आणि मासळी भोसकते. सातवा खडकातला, तीन इंचांचा. त्याच्या पायाचे कोपर फुगीर असते आणि त्याच्या फटक्याने तो खेकड्याचे कवच फोडतो.

या सातव्यासाठीच हा प्रवास. माझे मेहुणे परंड्याला मास्तर आहेत. त्यांनी माझ्याकडून ऐकलेली ही हकीकत वर्गात सांगितली. गावातल्या तात्यांची चार नातवंडे त्या शाळेत होती. "थापा शिकाया पोरं कशाला धाडायची?" म्हणत त्यांनी चौघांनाही घरी बसवले. मेहुण्यांचे पत्र आले : पुरावा घेऊन या.

कुर्डुवाडीला आगगाडी सोडून मोटारीत बसलो. ज्वारी कणसावर आली होती. एका खड्ड्यात बाटलीचे बूच उडाले, स्पिरिट माझ्या धोतरावर सांडले आणि वास मोटारभर पसरला. दिवस दारूबंदीचे.

"पाव्हणं, पिशवीत काय हाय?" कंडक्टरने विचारले.

"समुद्रातले जीव."

"व्हय व्हय. आमच्या गावातले बी लई जण त्याच समुद्रात बुडाल्यात!"

सगळी मोटार हसली. मी बाटली वर धरली. शेजारच्या म्हातारीने डोळे बारीक केले.

"अगं बया! ह्यो तर ज्वारीवर हात जोडून बसतो त्यो किडा. पान्यात कसा गेला?"

"नाते काही नाही, आजी. दोघांची शिकारीची रीत एक, म्हणून हात सारखे."

"ते ऱ्हाऊ द्या. वाळून जातील की ते!" तिने आपल्या बरणीतले, कैऱ्या मुरवलेले खाराचे पाणी माझ्या बाटलीत ओतले. "मिठात काय नासत न्हाय."

परंड्यात बहिणीने बाटली उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली आणि मला गरम भाकरी, शेंगांची चटणी वाढली. चार भाकरी खाल्ल्या. घरी दोनच खातो.

सकाळी तात्या आले. जीव निरखून म्हणाले, "खेकडा फोडताना तुमी सोता बगितलं का?"

मेहुणे माझ्याकडे पाहत होते. हो म्हणणे सोपे होते.

"नाही. याच्या कपारीच्या तोंडाशी फुटलेली कवचे पाहिली, अकरा. फटका पाहिला नाही."

मेहुण्यांचा चेहरा उतरला. तात्यांनी बटव्यातून अडकित्ता काढला, सातव्याचे कोपर पात्यात धरले आणि दाबले. पाते घसरले. पुन्हा जोर लावला, पुन्हा घसरले.

"आयला! सुपारीचं खांड झालं असतं एवढ्यात." अडकित्ता पुसत ते मेहुण्यांकडे वळले. "मास्तर, तुमचं पाव्हणं न बगितलेलं बगितलं म्हनंनात. उद्यापासनं धाडतो चौघास्नी."

सातही जीव शाळेत ठेवले. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या रानात ज्वारीच्या ताटावर तो हात जोडलेला किडा भेटला. पाऊण तास बसलो, तेव्हा त्याने एक नाकतोडा झडप घालून धरला.

आता मालवणला घरची मंडळी विचारतात, परंड्याला एवढे काय पाहिलेत? मी त्या किड्याची गोष्ट सांगतो, आणि हे स्वतः पाहिले आहे, असेही सांगतो.