झाडूवालीचा बदाम

भिंगारच्या कॅम्पात घोड्यांचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात सत्यवान भिंगारदिवे पट्टेवाला होता. सलाम ठोकण्यात अख्ख्या कॅम्पात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्यापाशी तीन सलाम होते. डॉक्टरसाहेबांना कमरेतून, हेडक्लार्क रंगनाथरावांना मानेतून आणि बाकीच्या कारकुनांना नुसत्या भुवईतून. त्याखालच्यांना काहीच नाही. स्वतःचे आजोबा वेशीबाहेर राहायचे, हे सत्यवानाच्या ध्यानात राहत नसे. दुसऱ्याचे आजोबा कुठं राहायचे, ते मात्र तो झोपेतसुद्धा सांगायचा.

अकरा वर्षं झाली, त्याला एकच ध्यास होता. नाइकाचा पट्टा! लाल बनाती कापडाचा, वर पितळी बिल्ला, आणि सगळ्या पट्टेवाल्यांवर हुकूम. म्हातारा भीमा नाईक नाताळात घरी बसणार होता आणि तो पट्टा कुणाच्या तरी खांद्यावर चढणार होता.

"चढला तर काय हुईल?" त्याची बायको हन्ना विचारायची.

"मान वाढंल."

"वाढू दे. वाकून वाकून लई आखूड झालीया."

त्या साली, म्हणजे त्रेचाळीसच्या पावसाळ्यानंतर, गोऱ्या डॉक्टरसाहेबांना माकडांचं वेड लागलं. दवाखान्यामागं देशी बदामाची सात-आठ झाडं होती आणि तिथं माकडांची टोळी होती. आधीचा साहेब त्यांच्यावर बंदूक उडवायचा. हा साहेब खुर्ची टाकून बघत बसायचा. पण लढाईमुळं घोडी ढिगानं यायला लागली, साहेबांना वेळ पुरेना, तेव्हा त्यांनी सत्यवानाला वही दिली.

"सटवान, टुम इडर बैठो. जो डेखटा, वो लिको. सच लिको."

मिशनच्या शाळेत सत्यवान सातवी पास झालेला. तो मराठीत लिहिणार, रंगनाथराव त्याचं इंग्रजी करून टाइप करणार आणि साहेब ते विलायतेच्या कुठल्याशा विद्वान मंडळाला पाठवणार, असं ठरलं.

पहिल्या दिवशी सत्यवान गोंधळला. तीस माकडं, सगळी सारखी. दुसऱ्या दिवशी त्यानं कुणापुढं कोण वाकतो ते बघितलं आणि त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अरे, हे तर आपलंच हापिस! थोराड नर दिसला की बाकीचे जागा सोडतात, एकजण लगबगीनं पाठ करून उभा राहतो, दुसरा लगेच त्याच्या उवा वेचायला बसतो. उवा नसल्या तरी वेचतो. सत्यवान स्वतः रंगनाथरावांच्या कोटावरचा दोरा असाच उचलायचा. दोरा नसला तरी उचलायचा. त्यानं सगळ्या माकडांना भराभर हुद्दे वाटून टाकले. थोराड नर म्हणजे 'मोठेसाहेब', आणि सगळ्यांत खाली, डाव्या हाताची बोटं वाकडी झालेली एक म्हातारी माकडीण होती, ती 'झाडूवाली'.

तिसऱ्या दिवशी रंगनाथरावांनी वही आपटली.

"सत्या, हे काय? 'साडेसातास मोठेसाहेब राउंडास निघाले. हेडक्लार्कांनी अदबीने आपला पार्श्वभाग त्यांस दाखविला.' कोण हा हेडक्लार्क?"

"माकड, रावसाहेब."

"कुठलं माकड?"

"दोन नंबरचं. लई हुशार हाय."

"अरे गाढवा, हे मी टाइप करू? माझ्या हातानं?"

"मग कारकून लिवतो."

"माकड लिही, माकड!"

सत्यवानानं 'हेडक्लार्क' खोडून 'माकड' लिहिलं. पुढं त्याच्या मनात मात्र दोन्ही शब्द शेजारी शेजारीच राहिले.

पंधरा दिवसांनी ती गोष्ट घडली. झाडूवालीनं वाळका बदाम उचलला, झाडाखालच्या फरशीच्या खाचेत ठेवला, वाकडी बोटं त्यावर दाबली आणि उजव्या हातात गोटा घेऊन ठण्णकन हाणला. बदाम फुटला. तिनं इकडंतिकडं बघितलं, गर गालाच्या पिशवीत कोंबला आणि दुसरा बदाम मांडला. तोही फोडला. तेवढ्यात मोठेसाहेब डुलत आले. म्हातारीनं फुटका बदाम पुढं ठेवला आणि पाठ करून उभी राहिली. मोठेसाहेबांनी गर खाल्ला, तिला एक चापट दिली आणि निघून गेले.

सत्यवानाचा टाक थबकला. माकड हत्यार वापरतं! साहेब तर उडीच मारतील. पण लिहायचं कसं? जे मोठ्यासाहेबाला येत नाही ते झाडूवालीला येतं, असं कुठल्या हापिसच्या कागदात लिहितात? दोन वर्षांमागं त्यानं कपाटांचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवून वाळवी थांबवली होती. शाबासकी रंगनाथरावांना मिळाली, आणि सत्यवानाला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. खालच्याची अक्कल वरच्याच्या नावावर चढली म्हणजेच ती खरी अक्कल. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: 'मोठेसाहेबांनी दगडाने बदाम फोडिला व कृपावंत होऊन झाडूवालीस विद्या शिकविली.'

संध्याकाळी हन्नानं विचारलं, "दगड कुनी हाणला?"

"म्हातारीनं."

"आन् लिवलं?"

"मोठ्यासाहेबानं. रीत हाय ती."

"व्हय का? उद्या मी लेकरू जनलं तरी लिवशील, हेडक्लार्काला झालं म्हून."

साहेबांनी मात्र खरंच उडी मारली. रंगनाथरावांनी सत्यवानाला आत बोलावून चक्क हळू आवाजात सांगितलं, "उद्या साहेब कॅमेरा घेऊन येताहेत. जमलं तर नाताळला पट्टा तुझा, मी शब्द टाकलाय. पण दगड त्या मोठ्यानंच उचलायला हवा हं. तसा कागद गेलाय विलायतेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खुर्चीत, रंगनाथराव खुर्चीमागं आणि सत्यवान फरशीपाशी. मोठेसाहेब आले, बसले, मांडी खाजवली आणि एवढी जांभई दिली की मागच्या दाढा दिसल्या.

"उचला की, साहेब," सत्यवान कुजबुजला. "तो बघा गोटा. तुमच्याच शेजारी हाय."

मोठेसाहेबांनी दुसरी मांडी खाजवली.

रंगनाथराव मागून खाकरले. पट्टा सत्यवानाच्या डोळ्यांदेखत एकेक बोट लांब चालला होता. शेवटी तो उकिडवा बसला, खाचेत बदाम ठेवला, गोटा घेतला आणि स्वतःच हाणला. "असं, साहेब! असं!" मोठेसाहेब झटक्यात पुढं आले, त्याच्या हातातला गर हिसकावला आणि त्याच्या मुस्काटात दिली. खटकन कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

आणि नेमकी तेव्हाच झाडूवाली खाली उतरली. खाच, बदाम, वाकडी बोटं, गोटा, ठण्ण! पहिला गर गालात, दुसरा मोठ्यासाहेबांपुढं.

साहेब उभे राहिले. "सटवान! सच बोलो. पहला कौन टोडा?"

रंगनाथरावांनी डोळे वटारले. म्हातारीनं हे मोठ्यासाहेबाकडनंच उचललं, एवढं म्हटलं की पट्टा खांद्यावर. सत्यवानानं तोंड उघडलं. पण गाल चुरचुरत होता, आणि समोर म्हातारी पाठ करून चापटीची वाट बघत उभी होती. तो म्हणाला, "झाडूवालीनं, साहेब. पयल्यापासून तिनंच. मोठ्याला कायबी येत न्हाई. तो निस्ता खातो."

मग रंगनाथराव पुढं झाले. "सर, माझाही अगदी हाच संशय होता. या मूर्खानं वहीत खोटं लिहिलं!" बोलता बोलता त्यांनी साहेबांच्या खांद्यावरचा दोरा उचलला. दोरा नव्हता.

साहेबांनी विलायतेला नवा कागद धाडला. शोध साहेबांचा, शेवटी आभार रंगनाथरावांचे. फोटोची एक प्रत हापिसात लागली, आणि आल्यागेल्याला पट्टेवाले विचारायचे, "वळखा, यात सत्यवान कंचा?" नाताळला पट्टा श्रीमंत नावाच्या पट्टेवाल्याला मिळाला. वहीत खोटं लिहिणाऱ्याला नाईक कसं करायचं, असं रंगनाथरावांचं म्हणणं पडलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सत्यवान झाडांमागं गेला. झाडूवाली फरशीवर होती. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला, तिचं झाल्यावर गोटा घेतला आणि आपल्यासाठी एक बदाम फोडला. एवढ्यात झाडामागून पावलं वाजली. रंगनाथराव येत होते, मागं नवा पट्टा घालून श्रीमंत.

सत्यवानानं गर झटकन गालात कोंबला आणि उठून सलाम ठोकला. मानेतून. रिकामा पंजा नीट दिसेल असा.

"काय रे, तोंडात काय आहे?"

त्यानं मान हलवली. काही नाही.

म्हातारीचाही गाल फुगलेलाच होता.