आबांच्या सोबतीनं सर्वेक्षण

चाळीस बायकांचं एका प्रश्नावर एकमत झालं, आणि त्याला आमचे आबा, म्हणजे माझे वडील, कारणीभूत होते.

मी एम.ए.ला, समाजशास्त्राला. आमच्या घरातून कोल्हापूरला शिकायला आलेली मी पहिलीच. (त्यामुळे मी काय शिकते हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. काही दिवस मलाही नव्हतं.) लघुप्रबंधाचा विषय होता, घरातले निर्णय बायका घेतात का? शाहूवाडीकडच्या आमच्या गावातल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि डोळे मिटून चाळीस उचलल्या. आपली आवडनिवड मधे आली नाही, तर चाळीस घरांवरून अख्ख्या गावाचा अंदाज बांधता येतो, असं सरांनी शिकवलं होतं.

"एकटी पोरगी लोकांच्या दारात कशी जाणार?" म्हणत आबा बरोबर निघाले. प्रत्येक घरी ते सोप्यात घरधन्याशेजारी बसायचे, चहा घ्यायचे. मी दाराआडच्या बाईला विचारायची, "काकी, घरात निर्णय कोण घेतं?"

काकी आधी नवऱ्याकडं बघायची, मग आबांकडं. "हेच की!"

"लिव्ह, लिव्ह," आबा म्हणायचे.

मी चाळीस वेळा लिहिलं. एवढं पक्कं उत्तर मिळालं म्हणून मला अभिमानच वाटला!

सरांनी फॉर्म चाळले. "उत्तरांत फरकच नाही, तर गणित कशाचं करायचं? बरोबर कोण होतं?"

"आबा."

"आणि त्या बायकांचे नवरे?"

"ते तर घरातच होते, सर."

सरांनी चष्मा काढून ठेवला. मला मान वर करवेना. वर्ष वाया गेलं, तर घरात स्थळं बघायला सुरुवात होणार होती. (त्या निर्णयाचा फॉर्म कुणी माझ्याकडून भरून घेणार नव्हतं.)

दुसऱ्या फेरीला आईला नेलं. भर दुपारी, गडीमाणसं शेतात असताना.

पहिल्याच घरातली काकी म्हणाली, "निर्णय व्हय? मीच की! ह्यांस्नी सवताची टोपी कुठं हाय त्ये ठावं न्हाय!"

"आमच्यातबी तसंच हाय बघा," आई प्रत्येक घरी सांगायची. मग काय, पुन्हा चाळीसच्या चाळीस!

या वेळी आई बरोबर होती हे ऐकून सरांनी फॉर्मचे दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. "आधी आबांचं मत मोजलंस, आता आईचं. ही शेवटची संधी. या खेपेला तू एकटी जायचंस. कधी निघतेस?"

मी वही मिटली आणि संशोधकाला शोभेल अशा ठाम आवाजात म्हणाले, "सर, घरी विचारून सांगते."