खालचा सिलेंडर

इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. वाडी धरणाच्या पलीकडच्या काठाला. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून बावीस किलोमीटर, आणि पावसाळ्यात त्यातला निम्मा चिखल. पाण्यावरून दहा मिनिटं. म्हणून मी इगतपुरीत खोली घेतली होती. सकाळी स्कूटीवरून काठापर्यंत यायचं, गाडी झाडाखाली लावायची आणि होडीने शाळेत. शनिवारी दुपारी नाशिकला घरी.

होडी चालवणारे मामा साठीच्या आसपासचे. सगळी वाडी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. होडी फायबरची, आठ माणसांची, आणि तिच्या मागच्या फळीला अडकवलेलं पेट्रोलचं इंजिन. एकावर एक असे दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. मी यायच्या आधीच मामांनी ते वसईकडच्या एका मच्छीमाराकडून जुनं घेतलं होतं आणि टेम्पोत घालून कसारा घाटाने वर आणलं होतं. त्याच्या आवाजावरून वाडीतले लोक होडी कुठवर आली ते सांगायचे.

माझ्या चौथ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका दुपारी आम्ही परत येत होतो. होडीत मी, आठवा महिना लागलेली एक सून, तिची सासू आणि मामा. सुनेला तपासणीसाठी इगतपुरीला न्यायचं होतं. पाण्याच्या मध्यावर इंजिनचा आवाज बदलला. एरवीच्या सरळ आवाजात एक किणकिण आली, मग कोणीतरी गळा दाबावा तसं ते एकदम थांबलं. मामांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी हललीच नाही.

वारा घाटाकडून येत होता. होडी आडवी झाली आणि धरणाच्या भिंतीच्या दिशेने वाहायला लागली. मामांनी एक वल्हं घेतलं, दुसरं त्या सासूबाईंनी उचललं. लाटांचं आत येणारं पाणी मी डब्याने उपसत होते. सून पोटाला दोन्ही हात लावून खाली बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, जणू शाळेतल्या बाईंना माहीत असेल पुढे काय होणार. अर्ध्या तासाने मामांनी पुन्हा दोरी धरून पाहिली तेव्हा ती ओढली गेली. इंजिन चालू झालं, पण धापा टाकत.

काठावर उतरताना सून म्हणाली, "मामा, येताना आमी रस्त्यानंच येऊ."

मामा "बरं" म्हणाले. ते वाक्य त्यांना फार लागलं, हे मला पुढच्या काही दिवसांत कळलं. ते बायामाणसांना स्वतःच सांगायला लागले, घाई नसंल तर रस्त्यानं जा.

त्यानंतर इंजिन चालायचं, पण दम नव्हता. दहा मिनिटांची वीस झाली. फेब्रुवारीत, पाणी उतरलं आणि येणंजाणं कमी झालं, तेव्हा मामांनी विषय काढला. काही जण म्हणत होते, भंगारात घाला. काही म्हणत होते, पुरं खोलून नवीन करून घ्या.

"तुमाला काय वाटतं, बाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मला इंजिनातलं काही कळत नाही. पण ते का बंद पडलं, हे कोणी बघितलंय का?"

मामा म्हणाले, "तेच मला बी कळंना. ऑइल मापानंच टाकतो मी."

माझे वडील कारखान्यात फिटर होते. घरी पानेपकड होतेच, पण ते भावाच्या हाती जायचे. मी शेजारी उभी राहून विचारलेल्या प्रश्नांना वडील उत्तर द्यायचे, पण पाना कधी द्यायचे नाहीत. त्यामुळे मामांचं इंजिन नाशिकला न्यायचं ठरलं तेव्हा मी सोबत येते म्हणाले, त्यात मदतीचा भाग थोडा आणि उत्सुकतेचा जास्त होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही इंजिन गोधडीत गुंडाळलं आणि ओळखीच्या जीपमध्ये आडवं ठेवलं. नाशिकमध्ये द्वारका चौकाच्या मागच्या एका गल्लीत एक मिस्त्री होते. द्राक्षबागांचे फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं, धुराची मशीन, जे जे टू-स्ट्रोक ते ते त्यांच्याकडे यायचं. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी इंजिन स्टँडवर चढवलं, दोन्ही प्लग काढले आणि मला म्हणाले, "मॅडम, अंगठा ठेवा इथे. घट्ट."

मी वरच्या भोकावर अंगठा ठेवला. त्यांनी दोरी ओढली. आतून हवेचा असा धक्का आला की अंगठा उडालाच. मग खालच्या भोकावर. तिथे नुसती फुंकर.

"वरचा ठीक आहे," चाचा म्हणाले. "खालचा गेला."

मामांनीही दोन्हीकडे अंगठा ठेवून पाहिला. दोनदा. मग म्हणाले, "खोला."

हेड, म्हणजे सिलेंडरच्या तोंडावरचं झाकण, निघालं. मी आयुष्यात पहिल्यांदा इंजिनच्या आत बघत होते. वरच्या सिलेंडरची भिंत आरशासारखी होती. खालच्यात उभे ओरखडे, मांजराने नखं ओढावीत तसे, पण फक्त एका बाजूला. पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्याही त्याच बाजूला ओरखडे आणि भोवतीच्या रिंगा त्याच्या ॲल्युमिनियममध्ये चिकटून बसलेल्या.

"एकाच बाजूला का?" मी विचारलं.

"ही धूर बाहेर जायची बाजू. सगळ्यात गरम. पिस्टन फुगला आणि भिंतीला धरला."

"ऑइल कमी पडलं असेल?"

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "ऑइल कमी असतं तर वरचा पण गेला असता. पेट्रोल दोघांना एकच आहे."

"मग पाणी," मामा म्हणाले. हे इंजिन धरणाचंच पाणी खालून ओढून स्वतःला थंड करतं, आणि चालू असताना बाजूच्या एका भोकातून पाण्याची बारीक धार पडत राहते. धार पडतेय म्हणजे पाणी फिरतंय. "पण धार पडत व्हती. मी बघत असतो ना सारखी."

मीही पाहिली होती. मी बसायचे त्या बाजूलाच ती पडायची आणि वारा उलटा असला की माझी पिशवी भिजायची. त्या दिवशीही भिजली होती.

चाचांनी पिस्टन फडक्यावर ठेवला. "सिलेंडरचा बोअर घासून मोठा करून नवीन पिस्टन टाकायला मला दोन दिवस. पण का गरम झालं ते नाही मिळालं, तर हा पण जाईल. तुम्ही सांगा."

मामा म्हणाले, "त्ये कळल्याबिगर नाय करायचं. पुन्हा मधीच थांबलं तर? लोकं बसत्यात त्यात."

इतकं ठाम बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. चाचांनी मान हलवली आणि सिलेंडरच्या कडेचं झाकण खोलायला घेतलं. तिथे पाणी फिरायच्या वाटा असतात. दोन स्क्रू गंजून बसले होते, त्यांना गरम करावं लागलं. झाकण निघालं तेव्हा आत पांढरा, चुन्यासारखा थर होता. काही ठिकाणी करंगळीएवढी वाट काडीएवढी झाली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "चाखून बघा."

ते थट्टा करताहेत असं वाटलं, पण चेहरा साधा होता. मी जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. खारट.

मामांनीही घेतली. "मीठ," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "वसईचा समुद्र आणलाय की मी घाटावर."

आठ वर्षं ते इंजिन गोड्या पाण्यात चालत होतं आणि आधीच्या समुद्रातलं मीठ अजून आत दगड होऊन बसलं होतं. मला त्याचं इतकं नवल वाटलं की ती खपली मी कागदात बांधून पर्समध्ये ठेवली.

पण चाचांचं समाधान झालं नव्हतं. "मीठ दोन्हीकडे आहे. वरचा तरी चालला." ते वाकून खालच्या सिलेंडरच्या वाटेत तार घालत राहिले. एका वळणाशी तार अडली. त्यांनी चिमट्याने हळूहळू ओढून काहीतरी काढलं आणि फडक्यावर टाकलं. नखाएवढा काळा रबराचा तुकडा, एका टोकाला फाटलेला.

मामा त्याच्याकडे बघतच राहिले. मग खाली बसले.

"ह्ये पंख्याचं पातं हाय," ते म्हणाले. "पाणी ओढायचा रबरी पंखा असतो खाली. दोन वर्सामागं जुना फाटला, तवा मीच नवा बसवला. जुन्याला एक पातं कमी व्हतं. मला वाटलं, पडलं आसंल पाण्यात."

चाचांनी बोटाने दाखवलं, ते पातं नळीतून वर चढून मिठाने अरुंद झालेल्या वळणात कसं अडकलं असेल. बाजूची धार या इंजिनात त्या वळणाच्या आधीच फुटते, म्हणून ती शेवटपर्यंत पडत राहिली.

"म्हंजे मीच मारलं व्हय याला," मामा म्हणाले.

"दोन साल चाललं ते, तुमच्या हाताने," चाचा म्हणाले. "पंखा बसवला तो बरोबरच बसवला होता. तुकडा शोधायचा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही."

मामांना ते पटलं की नाही, कळलं नाही. ते उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे द्वारकेच्या चौकातली वाहनं एकमेकांत अडकून हॉर्न वाजवत होती. मी त्यांच्यामागे गेले नाही. मला वाटलं होतं, कारण सापडलं की प्रश्न सुटेल. पण कारण सापडलं ते त्यांच्याच हातापाशी येऊन थांबलं.

तेवढ्यात चाचांनी मला क्रँकचं, म्हणजे पिस्टनचा दांडा ज्याला फिरवतो त्या आसाचं, बेअरिंग दाखवलं. पिस्टनचा दांडा धरून म्हणाले, "वरखाली हलवा. खेळ लागतो का?" नाही लागला. "आता आडवा." आडवा थोडा हलला. मी घाबरून म्हणाले, "हे गेलंय." ते म्हणाले, "आडवा हललाच पाहिजे, तिथूनच ऑइल जातं. वरखाली हलला असता तर क्रँक काढावा लागला असता, आणि मग मी तुम्हाला नको म्हणालो असतो."

मामा परत आले तेव्हा मी त्यांना तसाच दांडा धरायला लावला. वरखाली, मग आडवा. त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

"खालचंच करा," ते शेवटी चाचांना म्हणाले. "वरच्याला हात नका लावू. मीठ सगळं काढा. आन् पंखा बसवताना मला बोलवा. मी येतो."

पुढच्या शनिवारी ते एसटीने एकटे आले. चाचांनी पंखा त्यांच्याकडूनच बसवून घेतला, दोनदा काढून पुन्हा.

इंजिन होडीवर चढल्यावर पहिले काही दिवस अर्ध्याच वेगाने चालवायचं होतं, नवा पिस्टन भिंतीला सरावेपर्यंत. मामांनी ते इतकं पाळलं की निघताना मुलं थोडं अंतर काठाकाठाने चालत होडीबरोबर यायची. मग एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी मूठ पूर्ण फिरवली. होडीचं नाक वर आलं. आम्ही नऊ मिनिटांत पोचलो. मामांनी मागे वळून धार पाहिली.

ती सून पावसाळ्यात पुन्हा होडीत बसली, मांडीवर सात-आठ महिन्यांचा मुलगा घेऊन.

पुढच्या वर्षी माझी बदली नाशिकजवळच्या शाळेत झाली. मामांचा फोन अधूनमधून यायचा, बहुतेक भाताबद्दल. गेल्या महिन्यात मात्र ते म्हणाले, "बाई, आता वरचा दम धरंना. येताय का रविवारी?"

मी गेले. मला वाटलं, इंजिन जीपमध्ये घालायचं असेल. पण त्यांनी ते अंगणात गोणपाटावर स्वतःच खोलून ठेवलं होतं. नटबोल्ट ताटलीत, झाकणं ओळीने. मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तीन दिस झालं, ताटली मिळंना मला जेवायला."

वरच्या सिलेंडरला ओरखडा नव्हता. पिस्टन स्वच्छ होता. मामांनी जुनी रिंग सिलेंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट दाखवली, मग नवी सरकवून दाखवली. जुनीची फट जवळजवळ तिप्पट होती.

"रिंगाच गेल्यात," ते म्हणाले. "बाकी काय नाय. मी चाचांना फोटो पाठवला, त्ये बी तेच म्हनले. नव्या रिंगा टाकून लावतो."

"मग मला कशाला बोलावलंत?"

त्यांनी पिस्टन माझ्या हातात दिला. रिंग बसते त्या खाचेत एक बारीक खिळा होता, टाचणीच्या डोक्याएवढा. "ह्यो कशाला? चाचांना इचारायचं राहिलं. फवारणीच्या पंपात बी हाय. पन पोराच्या मोटारसायकलच्या पिस्टनला नाय. मी बघितलं."

मला माहीत नव्हतं. त्यांच्या मुलाची मोटारसायकल फोर-स्ट्रोक होती, एवढंच मी सांगू शकले. आम्ही दोघं गोणपाटावर बसलो. मामांनी सिलेंडर उन्हाकडे धरला. त्याच्या भिंतीत धूर जायची आणि पेट्रोल यायची मोठी भोकं होती. फोर-स्ट्रोकच्या भिंतीत ती नसतात, हे मला शाळेतल्या चित्रावरून आठवलं. मी रिंग खाचेत बसवून फिरवून पाहिली. तिची दोन्ही टोकं खिळ्याशी अडली.

"खिळा नसता तर रिंग गोल फिरली असती," मी म्हणाले.

मामांनी पिस्टन माझ्याकडून घेतला, सिलेंडरात हळूच वर सरकवला आणि भोकातून आत बोट घातलं. खिळ्याची जागा दोन भोकांच्या मधल्या भिंतीसमोर येत होती. त्यांनी पिस्टन वरखाली करून तीनदा खात्री केली.

"टोक भोकात घुसलं असतं," ते म्हणाले. "आन् तुटलं असतं."

"हो."

"कोनाला सुचलं आसंल हे?" त्यांनी विचारलं, आणि पिस्टन परत उन्हात धरून त्या खिळ्याकडे बघत बसले.