क्षमेची खुर्ची

शाळेत तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. तोंडावर बाई आणि पाठीमागे क्षमाबाई. हे टोपणनाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा राग यायच्या ऐवजी तिला आतून गुदगुल्याच झाल्या होत्या. चर्चच्या आवारातल्या त्या प्राथमिक शाळेत ती धर्मशिक्षण शिकवायची. गणिताच्या तासाला पोरं घाबरत, चित्रकलेच्या तासाला हुंदडत, आणि हिच्या तासाला मात्र शहाण्यासारखी बसत. कारण हिच्या तासाला खुर्ची होती.

खुर्ची बालवर्गातली, बुटकी, निळ्या रंगाची. शुक्रवारी शेवटच्या तासाला ती वर्गाच्या मधोमध मांडली जायची. आठवड्याभरात ज्याने कुणाचा डबा सांडला, कुणाला चिमटा काढला, खोटं बोलून मार खायला लावला, त्याने आपण होऊन तिच्यावर बसायचं आणि म्हणायचं, "माझं चुकलं." ज्याला लागलं असेल त्याने पुढे यायचं, बसलेल्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "क्षमा केली. विषय संपला." मग सगळ्या वर्गाने तीन टाळ्या वाजवायच्या. त्यानंतर तो विषय कुणी पुन्हा काढला, शाळेत काय नि घरी काय, तर त्याने खुर्चीवर बसायचं.

हा शेवटचा नियम तिचा स्वतःचा होता. शास्त्रात तो कुठेच नाही. पण देव एकदा माफ केलेलं उगाळत बसत नाही, मग आपण कोण लागून गेलो, असं ती म्हणायची आणि चर्चचे पाळकसाहेब मान डोलवायचे. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यांना तर नियम फारच आवडला होता. पालकांच्या तक्रारी एकदम थांबल्या होत्या. कुणाच्या पोराला कुणी ढकललं, हे घरी कळायचंच बंद झालं, मग भांडायला येणार कोण?

या शिकवणीचं गोड फळ म्हणून क्षमाबाई कुणाकडे बोट दाखवायची, तर ते जावयाकडे. तो लहानपणी तिच्याच वर्गात होता. अंगात नुसती वीज. दर शुक्रवारी खुर्ची त्याचीच. पण माफी मागावी तर त्यानेच. मान खाली, डोळ्यांत पाणी, आवाज असा की दगडाला पाझर फुटावा. त्याच वर्गात बाईंची लेकही होती आणि बऱ्याचदा चिमटा तिलाच बसलेला असायचा. ती मुकाट्याने पुढे यायची, डोक्यावर हात ठेवायची. पुढे तो सुतार झाला, चर्चमध्ये गाऊ लागला, आणि त्याने लेकीला मागणी घातली तेव्हा आईने दुसरं स्थळ पाहिलंसुद्धा नाही. शाळेची मोडकी बाकं तोच दुरुस्त करायचा. निळ्या खुर्चीला नवा पाय त्यानेच बसवला होता, फुकट.

खाली मुंडी पाताळ धुंडी, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण ज्याला आपण घडवलं त्याच्याबद्दल असलं काही मनात आणायला माणूस तयार नसतो.

नात आता दुसरीत होती, आजीच्याच वर्गात. शाळेत 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आजी', हे ती कधी चुकत नसे. त्या शुक्रवारी एका मुलाने दुसऱ्याची पट्टी मोडल्याची क्षमा झाली, टाळ्या झाल्या, तास संपायला थोडा वेळ उरला. बाई खुशीत होत्या. त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण अशी क्षमा करतं?"

नातीचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

"आमच्या घरी पण खुर्ची आहे. म्हणजे स्टूल आहे. बाबा बसतात."

वर्ग खिदळला. एवढा मोठा माणूस स्टुलावर! बाईही हसल्या. जावयाचा त्यांना अभिमानच वाटला. "अरे वा. आणि क्षमा कोण करतं?"

"आई."

"बाबा कधी बसतात?"

नात जरा थांबली. प्रश्न बाईंनी विचारला होता आणि बाईंना उत्तर द्यायचंच असतं. "आईला पट्टी बांधून झाली की," ती म्हणाली. "मागे आईचा दात पडला तेव्हा पण बसले होते."

लेकीच्या मनगटाला गेला आठवडाभर पट्टी होती. मोरीत घसरले, असं ती म्हणाली होती. दात किडला होता, असंही तीच म्हणाली होती. बाईंच्या हातातला खडू हातातच राहिला.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, हिने संपलेला विषय काढला."

"हो, बाई. बसवा तिला."

बाई काही बोलायच्या आत नात उठली. कुणी सांगायची गरज नव्हती, पोर हुशार होती. ती जाऊन निळ्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "माझं चुकलं." मग ती वाट बघत राहिली. पुढे कुणीच येईना, तेव्हा तिने मान वर करून विचारलं, "बाई, बाबा तर इथे नाहीत. मग मला क्षमा कोण करणार?"

बाईंनी तिला हाताला धरून उठवलं. पोरं गोंधळून एकमेकांकडे बघत होती. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळी दप्तरं घेऊन पळाली.

नातीला घेऊन क्षमाबाई तशीच लेकीच्या घरी गेली. वाटेभर तिला एकच गोष्ट आठवत होती. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा लेक एकदा सकाळीच माहेरी आली होती. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली होती, "आई, काल रात्री त्यांनी..." आणि आईने तिला तिथेच अडवलं होतं. "त्याने माफी मागितली का? तू केलीस का क्षमा? झालं तर मग. मला सांगू नकोस." लेक चहा पिऊन परत गेली होती. त्यानंतर तिने कधी काही सांगितलं नाही, आणि आईने त्यालाच संसार सुखाचा चाललाय असं समजून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

पुढच्या खोलीत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास होता. लेक खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्याने कापड सरकवत होती. स्वयंपाकघराच्या दाराजवळ ते स्टूल होतं. चांगलं गुळगुळीत, बसून बसून मधला रंग गेलेला.

"हात दाखव," आई म्हणाली.

"बरा आहे आता."

"त्याने केलं ना?"

लेकीने मशीन थांबवली. ती मुलीकडे बघत म्हणाली, "तू बोललीस?" आवाजात राग नव्हता, भीती होती. "आई, झालं ते. मी क्षमा केलीय. आता परत कशाला काढतेस?"

"चल माझ्याबरोबर. दोघी चला. आत्ता."

"आणि काय सांगू लोकांना? संपलेलं परत उकरलं म्हणून?" लेक म्हणाली. "तूच म्हणायचीस, क्षमा करून जो आठवतो त्याने क्षमा केलीच नाही. मी खरंच केलीय गं. प्रत्येक वेळी केलीय. मला आता त्या वेळा आठवतही नाहीत नीट."

दारात जावई उभा होता. कानावर पेन्सिल, शर्टावर भुसा. सासू, बायको, तिचा पट्टीचा हात, सगळं त्याने एका नजरेत पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत तो आत आला, स्टुलावर बसला आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं, बाई," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो तिला बाईच म्हणायचा. डोळे खरोखरच भरले होते. त्यात नाटक नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

क्षमाबाईचा हात उठला. सवयीचा हात, तो त्याच्या डोक्याकडे निघालाही होता. तिने तो मागे घेतला.

"ऊठ," ती म्हणाली. "मी नाही करणार."

त्याने वर पाहिलं. त्याला खरंच कळेना. "पण बाई, मी मागितली ना," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा रुसवा आला, कबूल केलेला खाऊ न दिल्यावर मुलाच्या आवाजात येतो तसा.

तो रुसवा ऐकून लेक झटकन उठली. ती पुढे झाली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "क्षमा केली. विषय संपला." त्याने डोळे पुसले आणि तो हातपाय धुवायला मोरीकडे गेला. नळाचा आवाज सुरू झाला.

आता क्षमाबाईला उभं राहवेना. जवळ बसायला दुसरं काही नव्हतं, ती त्याच स्टुलावर बसली. लाकूड अजून ऊबदार होतं. तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही. "पोरी, माझं चुकलं," ती म्हणाली. "तू सांगायला आली होतीस त्या दिवशी. मी तुझं तोंड बंद केलं. आज सांग. सगळं सांग, पहिल्यापासून. मी ऐकते. मग आपण तिघी इथून जाऊ."

लेकीने आईकडे पाहिलं. क्षणभर ओठ हलले, काहीतरी सुरू होणार असं वाटलं. मोरीतला नळ बंद झाला. लेक एकदम सरळ उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी, आणि पट्टी बांधलेला हात तिने आईच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

"क्षमा केली, आई. विषय संपला."

कोपऱ्यात दप्तर पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या नातीने तीन टाळ्या वाजवल्या.