लिफाफेकाका आणि दोन बादल्या पाणी

लिफाफेकाका गाडी विकायला बसले की आधी तिचे दोष सांगायचे. गिऱ्हाईक सीटवरून हात फिरवत असायचं आणि काका चष्मा सारखा करून कागद वाचायचे, "चौथा गिअर थंडीत अडकतो. डाव्या पत्र्याचा पोचा लांबी भरून बुजवला आहे." मी जुन्या मोटारसायकलींचा दलाल. माझं डोकंच फिरायचं. "काका, आधीच रोग सांगितल्यावर कोन घेईल गाडी?" ते म्हणायचे, "सांगितलेला दोष माणूस विसरतो रे. स्वतःला सापडलेला विसरत नाही."

लिफाफेकाका हे नाव मीच ठेवलं होतं. काकांचे वाडवडील पुजारी, ते स्वतः सरकारी कचेरीत कारकून. जुन्या जपानी टू-स्ट्रोक गाड्या उभ्या करणं हा निवृत्तीनंतरचा नाद. इंजिन उघडलं की एकेक स्क्रू कचेरीतल्या वापरलेल्या लिफाफ्यात जायचा, वर वळणदार अक्षरात त्याचं नाव. मी मेंढरांमागून शहरात आलेला, दुष्काळानं हाकललेला. माझं सगळं तोंडावर चालायचं. तरी चार वर्षं आमचं जमलं. सुटे भाग मी हुडकायचे, हात काकांचा. दुपारी काकू मला स्वयंपाकघरात पाट मांडून वाढायच्या, आणि तहान लागली की ड्रममधून तांब्या मीच भरून घ्यायचो.

फर्दापूरच्या एका गोठ्यात मला शंभर सीसीची जपानी गाडी सापडली. टाकीत कोंबडीनं अंडी घातली नव्हती, एवढंच. दीड वर्ष काका तिच्यात गुंतले होते. वेरुळचा एक हॉटेलवाला मी मागेन ती किंमत द्यायला तयार झाला. असा सौदा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

ते वर्ष कोरडं होतं. नळ आठव्या दिवशी यायचा. काका गाडी कोरड्या फडक्यानंच पुसायचे. मला ती मळकट वाटली. गिऱ्हाईक दारात येईपर्यंत मी ड्रममधून दोन बादल्या काढल्या आणि गाडी चकाचक धुतली.

काका बाहेर आले. गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, "पुढचा नळ पाच दिवसांनी आहे. पिण्याचं पाणी होतं ते. दुष्काळातून आलास ना तू?"

तो शेवटचा प्रश्न मला लागला. मी ओरडलो, "पानी सांडल्याचा राग हाय, का माझा हात लागल्याचा? सरळ सांगा!"

काकू दारात थिजल्या. हॉटेलवाला "फोन करतो" म्हणत निघून गेला. बोलतानाच मला ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. त्या घरात माझा हात कुणी कधी अडवला नव्हता, म्हणून तर न विचारता तो ड्रमात गेला. पण काकांनी एकदा "नाही" म्हणायला काय हरकत होती? ते फडकं घेऊन टाकीवरचे थेंब पुसायला लागले. ते गप्प बसणं मी अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टँकर पाठवला. काकांनी टँकरवाल्याला स्वतः पैसे दिले. संध्याकाळी त्यांनी ती जपानी गाडी माझ्या दुकानासमोर पाठवून दिली, कागदपत्रांसकट. सोबत निरोप नव्हता. पुढं ते मुलाकडं पुण्याला गेले. आता त्यांच्या घराच्या जागी पाच मजली इमारत आहे.

गाडी शेवटी वाळूजच्या एका कामगारानं घेतली. सीटखाली मला लिफाफा सापडला, "गिऱ्हाइकास वाचून दाखवणे." आठ दोष होते. मी आठही वाचले. त्यानं प्रत्येकावर किंमत पाडली. मी, जो चार आण्यासाठी भांडायचो, दर वेळी मान हलवत गेलो.

"अजून काय लिहिलंय का, शेठ?" त्यानं विचारलं.

मी लिफाफा उलटून पाहिला. फाडून आतून पाहिला.

"नाही," मी म्हणालो.